आजचं चिंतन : नाव काठावर घेण्याचे दिवस



आजच्या वाचनात श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातल्या विसाव्या अध्यायाचा सतरावा श्लोक आहे. भगवान श्रीकृष्ण उद्धवाशी बोलताहेत. श्लोक छोटा, पण त्यातली यादी पक्की आहे. आधी सरळ अर्थ बघू.

माणसाचं शरीर ही एक नाव आहे. सगळ्या फळांचं मूळ तीच. मिळायला अतिशय दुर्मीळ, पण आपल्याला मात्र जणू सहज मिळून गेलेली. ती नीट बांधलेली आहे. सद्गुरू तिचं सुकाणू धरून बसलेत. देवाची कृपा अनुकूल वारा होऊन तिला पुढे नेते आहे. एवढं सगळं जुळून आल्यावरही जो भवसागर तरून जात नाही, तो स्वतःचाच घात करून घेतो.

याच एकादश स्कंधावर एकनाथ महाराजांनी मराठीत टीका लिहिली, ती म्हणजे आपलं 'एकनाथी भागवत'. पैठणला सुरुवात केली आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलं. नाथांच्या या श्लोकावरच्या ओव्या घरी सावकाश वाचा. आज आपण मूळ श्लोकातल्या एकाच शब्दापाशी बसणार आहोत : नाव.

इस्लामपुरात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात हा श्लोक झाला तेव्हा पुण्यात जॉब करणारी एक मुलगी म्हणाली, "काका, नाव, सागर, नावाडी हे ऐकायला छान वाटतं. पण आम्ही बाइकवर आणि मेट्रोत फिरणारी माणसं. आमच्या आयुष्यात नाव कुठे आली?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपण 'भवसागर' हा शब्द इतक्या वेळा ऐकलाय की तो ऐकताना डोळ्यांसमोर पाणीच येत नाही. म्हणून आज उपमा बाजूला ठेवू आणि खरी नाव बघू. तिला काय लागतं? ती बिघडते कशी? तिला पाण्याबाहेर का काढावं लागतं, आणि पुन्हा पाण्यात सोडताना काय बघतात? हे कळलं की श्लोक आपोआप उलगडेल.

नाव पाण्याबाहेर का काढतात?

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. कोकणात या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, झापांनी शाकारून ठेवतात. तळ खरवडतात, फटी बुजवतात, इंजिन उघडतात, जाळी विणतात. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि पुन्हा पाण्यात उतरायचं. आपला आषाढी एकादशीला सुरू होणारा चातुर्मास आणि कोळी बांधवांची ही विश्रांती साधारण एकाच वेळी येतात. मला यात फार मोठी शिकवण दिसते. पावसाळा हा आपल्याकडे पूर्वीपासून दुरुस्तीचा काळ आहे, होडीच्याही आणि माणसाच्याही.

दुसरं उदाहरण शिडाच्या नौकांचं. तुमच्यापैकी कितीजणांनी 'म्हादेई'चं नाव ऐकलंय? गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात ही नौका बांधली गेली. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ती बांधली जात असताना सुरुवातीपासून तिथे होते. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीला फेरी मारून परत आले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे त्याच म्हादेईवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली.

तिची धाकटी बहीण 'तारिणी', तीही त्याच यार्डातली. ओडिशातल्या तारा-तारिणी देवीवरून तिचं नाव ठेवलंय. तारिणी म्हणजे तारून नेणारी. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी, अशा सहा महिला अधिकारी तिच्यावरून २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. २०२४-२५ मध्ये तीच नौका घेऊन दिलना आणि रूपा या दोन अधिकारी पुन्हा जगाला फेरी मारून आल्या.

एक गोष्ट लक्षात आली का? दोन्ही नौकांनी दोन-दोन प्रदक्षिणा केल्या. अशी नौका म्हणजे माणसाचं घरच असतं. तिथेच झोपायचं, तिथेच भात शिजवायचा, तिथेच आजारी पडायचं आणि तिथेच बरं व्हायचं. ते घर दुसऱ्यांदा जगाच्या फेरीला निघू शकतं, कारण मधल्या काळात कुणीतरी तिला पाण्याबाहेर काढून हातात पाना आणि ब्रश घेऊन तिच्याखाली आडवं झालेलं असतं. फोटो प्रवासाचे निघतात. यार्डातल्या दिवसांचे फारसे कुणी काढत नाही.

आता यार्डात काय काय होतं, ते एकेक बघू.

१. तळ खरवडणं

समुद्रात राहिलेल्या नावेच्या तळाला आधी बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, मग टणक कवचाचे बारीक जीव चिकटतात. वरून नाव चकचकीत दिसते. पण तळ खडबडीत झाला की वेग पडतो आणि इंजिन जास्त डिझेल पितं. चालत्या नावेपेक्षा एका जागी बांधून ठेवलेल्या नावेला हा थर लवकर धरतो. यार्डात पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि खरवडणीने तो काढतात, घासून काढतात आणि जीव चिकटू नयेत म्हणून खास रंग देतात. हा रंग झिजत जातो. तो पुन्हा पुन्हा द्यावाच लागतो.

आपल्या मनाचंही असंच नाही का? कुणी ठरवून मत्सर चिकटवून घेत नाही. रोज थोडं स्क्रोलिंग, थोडी तुलना, ऑफिसातल्या ग्रुपवर थोडी उखाळ्यापाखाळ्या. एकेक थर. मग एक दिवस वाटतं, 'पूर्वी दहा मिनिटं नामस्मरण केलं की किती हलकं वाटायचं, आता तासभर बसलो तरी काहीच होत नाही.' नाव तीच आहे, वाराही तोच आहे, तळ तेवढा बघायला हवा. आणि मागच्या वर्षी वारी केली, म्हणून या वर्षी घासायची गरज नाही असं नसतं. रंग झिजतो.

२. भोकं आणि व्हॉल्व्ह

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली गोष्ट ही. बहुतेकांना वाटतं, चांगली नाव म्हणजे एकही भोक नसलेली नाव. प्रत्यक्षात राहण्याच्या नौकेच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, बेसिनचं आणि संडासचं पाणी बाहेर सोडावं लागतं. प्रत्येक भोकावर व्हॉल्व्ह असतो. धोका भोकाचा नसतो. धोका असतो तो वर्षानुवर्षं उघडाच राहून गंजून अडकलेल्या व्हॉल्व्हचा. एखाद्या रात्री आतला पाइप फुटतो, माणूस व्हॉल्व्ह बंद करायला धावतो आणि तो फिरतच नाही. म्हणून यार्डात प्रत्येक व्हॉल्व्ह उघड-बंद करून बघतात, ग्रीस लावतात. शिवाय प्रत्येकाच्या शेजारी एक निमुळतं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवतात. का? वेळ आली तर ते शोधत बसायला लागू नये म्हणून.

गीतेच्या पाचव्या अध्यायात शरीराला नऊ दारांचं नगर म्हटलंय. दारं बुजवून टाका असं भगवंत सांगत नाहीत, त्या नगरात सुखाने राहायला सांगतात. इंद्रियनिग्रह म्हणजे डोळे फोडून घेणं नव्हे. मोबाइल वाईट नाही, जेवण वाईट नाही, मैत्री वाईट नाही. प्रश्न एवढाच की मी ठरवलं तर माझा व्हॉल्व्ह बंद होतो का? एकादशीचा उपास हा मला व्हॉल्व्ह फिरवून बघण्यासारखा वाटतो. महिन्यातून दोनदा हात लावून खात्री करायची : फिरतोय ना? बंद होतोय ना? चला, ठीक आहे.

आणि ते बांधून ठेवलेलं बूच? ते नाम. शांत दिवशी जिभेजवळ बांधून ठेवलेलं असलं, तर पाणी घुसेल त्या रात्री हात आपोआप तिथे जातो.

३. जस्ताचा तुकडा

खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यातला एक झिजायला लागतो. नावेचा पंखा आणि त्याचा दांडा असे झिजले तर मोठं नुकसान. म्हणून त्यांना जोडून जस्ताचा एक तुकडा लावतात. पाणी आधी जस्ताला खातं आणि पंखा वाचतो. यार्डात जुना झिजलेला तुकडा काढून नवा बसवतात. गंमत म्हणजे बरेच दिवस पाण्यात राहूनही तुकडा नव्यासारखा दिसत असेल, तर जाणता कारागीर खूश होत नाही. त्याला शंका येते की याचा धातूला धातू नीट टेकलेला नाही, किंवा कुणीतरी याच्यावर रंग मारून ठेवलाय.

साधनेत हा तुकडा म्हणजे 'मी'पणा. तो झिजण्यासाठीच आहे. पाच वर्षं पारायणं, सात्त्विक स्टेटस, गळ्यात माळ, आणि 'मी' मात्र अजून नव्यासारखा चकाकतोय, कुणी जरा बोललं की फणा काढतोय. मग जोडणी कुठेतरी सुटली आहे. साधना चालू आहे, पण ती आपल्याला टेकत नाहीये.

आणखी एक. आपल्या घरात आपल्यासाठी कुणीतरी आधीच झिजत असतं. पहाटे उठून डबा करणारी आई, कर्जाचा हप्ता भरून आपल्याला शिकवणारे बाबा. ते झिजतात म्हणून आपला पंखा फिरतो. आज त्यांना एक फोन करा.

४. सुकाणू

तारिणीची पहिली प्रदक्षिणा शेवटच्या टप्प्यात असताना, एप्रिल २०१८ मध्ये, सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ठरलेलं नसतानाही मॉरिशसला पोर्ट लुईसमध्ये थांबावं लागलं. दक्षिण महासागर पार केला होता, केप हॉर्नला वळसा घातला होता, घर जवळ आलं होतं. तरी त्या थांबल्या, दुरुस्ती झाली आणि मगच गोव्याकडे निघाल्या. 'आता थोडंच राहिलंय, जाऊ तसंच' असं केलं नाही.

आपण क्रिकेटमुळे 'कर्णधार' शब्द रोज वापरतो. संस्कृतात 'कर्ण' म्हणजे सुकाणूसुद्धा. ते धरतो तो कर्णधार. श्लोकात गुरूंना हाच शब्द आहे. आता सुकाणूचा एक साधा नियम बघा : नाव जागची हलत नसेल तर सुकाणू काहीच करू शकत नाही. त्याच्यावरून पाणी वाहिलं तरच ते नावेला वळवतं. गुरूंचं मार्गदर्शनही चालणाऱ्यालाच लागू पडतं. कित्येकजण विचारतात, "गुरू भेटले, ग्रंथ मिळाला, तरी आयुष्याला दिशा का मिळत नाही?" भाऊ, नाव थोडी तरी हलू दे. रोज एक ओवी, एक माळ, पाच मिनिटं. वेग कमी असला तरी चालेल.

वाऱ्याचंही तसंच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांमागे धावणारं मन बुद्धीला कसं ओढून नेतं ते सांगताना वाऱ्याने पाण्यावर भरकटवलेल्या नावेची उपमा आहे. इथे भागवतात मात्र वारा म्हणजे कृपा. एका ठिकाणी वारा नेऊन बुडवतो, दुसऱ्या ठिकाणी पार करतो. फरक शिडात आणि सुकाणूत आहे. ज्या ऊर्जेने रात्री दोनपर्यंत सिरीज बघितल्या जातात, तीच ऊर्जा वळवता येते.

५. पुन्हा पाण्यात

काम झालं की क्रेनच्या पट्ट्यांत धरून नाव पाण्यात उतरवतात. पण पट्टे लगेच सोडत नाहीत. नाव अजून पट्ट्यांच्या आधारावरच असते, तेव्हा एकजण आत उतरतो, खालच्या फळ्या उचलतो आणि टॉर्च मारून प्रत्येक जोड, प्रत्येक व्हॉल्व्ह बघतो. कुठे पाणी येतंय का? सगळं कोरडं असेल तरच पट्टे सुटतात.

लाकडी नावेची तर आणखी वेगळी गोष्ट. फार दिवस कोरड्यावर राहिली की फळ्या आकसतात, फटी पडतात. पाण्यात उतरवल्यावर ती सुरुवातीला गळतेच. अनुभवी माणूस घाबरत नाही. तो पाणी उपसत राहतो. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि जोड आपोआप घट्ट होतात.

नोकरी, परीक्षा, ब्रेकअप, आजारपण यांत ज्यांची उपासना सुटली आणि आता पुन्हा सुरू करावीशी वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवा. पहिले काही दिवस मन गळणारच. माळ हातात आणि डोक्यात ऑफिस. 'माझ्यात आता ती भक्तीच राहिली नाही' असं म्हणून परत काठावर जाऊ नका. पाणी उपसा आणि पाण्यातच राहा.

आपल्या कृष्णेकाठचं

त्या मुलीला मी शेवटी एवढंच म्हटलं, की सागर लांब असेल, पण कृष्णा तर आपली आहे. वाळवा तालुक्यात बहे गावाजवळ नदीच्या बेटावर रामाचं देऊळ आहे आणि समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक तिथे आहे. मारुतीने दोन्ही हात पसरून कृष्णेचा लोंढा अडवला, अशी तिथली कथा. याच कृष्णेने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्याला महापूर दाखवला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी घरं उजाड झाली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती, असं तेव्हा बातम्यांत आलं. पाणी दारात आलेल्या माणसाला आपण काय दोष देणार? तो मिळेल त्या नावेत पाय ठेवणारच.

पण म्हणूनच नाव तपासायची ती वैशाखात, पाणी उतरलेलं असताना. पुराच्या दिवशी नवी नाव बांधता येत नाही, हातात असेल तीच वापरावी लागते. वडिलांचं आजारपण, गेलेली नोकरी, जवळच्या माणसाचा मृत्यू, हे आपल्या आयुष्यातले महापूर. ते तारीख सांगून येत नाहीत. तुमचा आज काही त्रास नसलेला, साधा, कंटाळवाणा मंगळवार असेल, तर तो तुमचा वैशाख आहे.

तो कठोर शब्द

आता श्लोकाचा शेवट. 'स्वतःचा घात करणारा.' हा शब्द वाचून काहीजण घाबरतात, काहीजण स्वतःला दोष देत बसतात. मला तो असा समजतो : ज्याची नाव चांगली आहे आणि जो तिला वापरतच नाही, त्याला भगवान हलवून जागं करताहेत. आयुष्यभर यार्डातच उभी राहिलेली नाव सुरक्षित असते, पण ती कुणाला पार नेत नाही. उलट बाजूही तितकीच खरी. कधीच काठावर न आणलेली नाव भर पाण्यात फुटते. चार तास झोप, सतत चहा-कॉफी, पाठदुखी अंगावर काढणं आणि वर 'देह नश्वर आहे' म्हणणं, हे वैराग्य नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला आहार आणि झोप दोन्ही बेतशीर ठेवायला सांगितलंय. नावेची निगा हीसुद्धा उपासनाच आहे.

आणि हा शब्द दुःखात गटांगळ्या खाणाऱ्या माणसाला मारायचा दगड नाही. याच अध्यायात पुढे भगवान सांगतात, की ज्याची श्रद्धा जडली आहे, विषय दुःख देतात हेही ज्याला कळतं, पण तरी ते सोडवत नाहीत, त्याने निश्चयाने आणि प्रेमाने माझं भजन करत राहावं. बघा किती मोठा धीर आहे. ज्याच्या मनात फारच काळोख दाटलाय, त्याने घरच्यांशी बोलावं, डॉक्टरांकडे जावं. बुडत्या नावेने मदतीचा बावटा दाखवण्यात लाज कसली?

आजची साधना

• दहा मिनिटं मोबाइल लांब ठेवून बसा. माझ्या तळाला सध्या कोणता थर चिकटलाय? एकच ओळखा आणि वहीत लिहा.
• एक व्हॉल्व्ह फिरवून बघा. आज रात्री जेवणानंतर स्क्रीन बंद. होतो का, एवढंच पाहा.
• झोप, पाणी, चालणं, राहिलेली तपासणी यांतलं एक काम आजच करा. नावेचं काम म्हणून करा.
• झोपताना एक माळ. मन गळलं तरी माळ पूर्ण करा.

उद्या अठरावा श्लोक घेऊ. तोवर नाव सांभाळा, आणि ती कशासाठी मिळालीय ते विसरू नका.

राम कृष्ण हरी!